मांडीवरचं बोचकं

हितेंद्र परबला आयुष्यात एका गोष्टीचा फार अभिमान होता. तो डिस्कला हात लावत नसे. कुणी दारूला हात लावत नाही, कुणी दुसऱ्याच्या पैशाला; हितेंद्र डिस्कला लावत नसे. परळच्या ज्या काचेच्या इमारतीत तो प्रोग्रामर होता तिथे या व्रताला कुणी भीक घालत नव्हतं. म्हणून तो ते लालबागला, तांबड्या चाळीत, आपल्या माणसांना सांगत बसे. आपली माणसं ऐकून घेतात. अरुंद गॅलरीतून दुसरीकडे जाणार कुठे?

"म्हणजे बघ," तो सुरू करी, "बऱ्याच फायली आहेत, त्यांचं दाबून एक बोचकं करायचंय. झिप फाइल म्हणतात त्याला. साधा माणूस काय करेल? सगळं आधी डिस्कवर उतरवेल, तिथे बोचकं बांधेल, उचलून पाठवेल, मग मागचा पसारा आवरत बसेल. मी सगळं मेमरीतच करतो. बांधलं, पाठवलं, हात झटकले. डिस्कला पत्ताच नाही!"

बायको अक्षदा हे लग्न ठरल्यापासून ऐकत होती. ती गिरगावची. नवऱ्याला 'हितू' अशी नावानिशी हाक मारणारी, आणि दिवसातल्या बहुतेक हाका ओरडण्यासाठी मारणारी. तिने कान कधीच मिटले होते. ऐकलं ते आईने. मालन परबने लसूण सोलता सोलता विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे गाडयेत खाली ठेवूक जागा नाय म्हणून मांडयेरच बोचका बांधूचा."

"तसंच काही नाही, आई..."

"मगे उठलंस काय सगळा खाली."

"आई, ते तसं नसतं," हितेंद्र म्हणाला. ते तंतोतंत तसंच होतं, म्हणून त्याला जास्त राग आला.

तर त्या वर्षी चाळीच्या गणपतीला पंचाहत्तर वर्षं होत होती. मंडळाचा कार्यवाह राजेश याच्या डोक्यात 'काहीतरी डिजिटल' करायचं शिरलं होतं. म्हणजे काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. पण शेजारच्या मंडळाने ड्रोन उडवला होता आणि राजेशला त्या दिवसापासून झोप नव्हती. मीटिंगमध्ये बरीच भवति न भवति झाली. शेवटी ठरलं, की चाळीतले जे जे जुने लोक गेले त्यांचे आवाज गोळा करायचे. फोटो सगळ्यांच्या भिंतीवर हार घालून आहेतच, पण आवाज कुणाचा भिंतीवर टांगता येत नाही. ज्याच्या घरी जे असेल ते आणायचं: फोनवरचा निरोप, लग्नाच्या व्हिडिओतलं बोलणं, भजनाचं रेकॉर्डिंग. सगळ्या आवाजांचा एक संच करायचा आणि तो घरोघरी द्यायचा. कल्पना खरोखर चांगली होती. चाळीत चांगली कल्पना निघाली की तिची जबाबदारी कुणाच्या गळ्यात बांधायची, एवढाच प्रश्न उरतो.

"आपला हितू आहे ना," राजेश म्हणाला. "बजेट मात्र नाही हां. बजेट मखराला गेलं."

हितेंद्रला बजेट नकोच होतं. त्याला प्रेक्षक हवे होते. त्याने एक फुकटातला सर्व्हर शोधला. फुकटातला असल्यामुळे त्यावर काही ठेवायला जागा नव्हती, आणि जरा कुणी वापरायचं थांबलं की तो झोपी जाई आणि उठल्यावर त्याला मागचं काही आठवत नसे. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. हितेंद्रला उलट वाटलं, की हा सर्व्हर जणू माझ्यासाठीच जन्माला आलाय. आवाज येतील, मेमरीत बसतील, मेमरीतच बोचकं होईल, चाळीच्या ग्रुपवर जाईल. डिस्कचा प्रश्नच नाही.

अक्षदाने एकदा पान उघडून पाहिलं. त्यावर दोनच गोष्टी विचारल्या होत्या: आवाज जोडा, नाव लिहा. "आणि दोघांनी एकच नाव लिहिलं तर?" तिने विचारलं.

"कोण लिहील एकच नाव? मेलेल्या माणसांची नावं वेगवेगळी असतात, अक्षदा."

"मी आपलं विचारलं," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला गेली.

रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत सगळे जमले. बहुतेक बायकाच. चाळीतले पुरुष आधी जातात आणि बायका मागे राहून त्यांच्या फोटोंवरची धूळ पुसतात, ही तांबड्या चाळीची जुनी पद्धत आहे. हितेंद्रने प्रोजेक्टर लावला, डिस्कवरचं प्रवचन दिलं, आणि प्रवचनाच्या शेवटी एक वाक्य बोलला. पुढचं सगळं रामायण त्या वाक्याचं.

"संच थोडा जड होईल," तो म्हणाला, "आणि तुमचे फोन गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलेत. तर आवाज पाठवला की फोनमधला काढून टाका. बिनधास्त डिलीट मारा. आता तो माझ्याकडे आहे!"

बायकांनी माना डोलावल्या. परबांचा मुलगा शिकलेला, काचेच्या बिल्डिंगीत बसतो, तो कशाला खोटं बोलेल?

मग नावाचा प्रश्न आला. पानावर लिहिलं होतं, 'नाव लिहा.' कुणाचं, ते लिहिलं नव्हतं. पण आवाज ज्याचा, नाव त्याचं, हे त्या बायकांना बरोबर कळलं, आणि तिथेच घोडं अडलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? लग्नात उखाण्यातून घेतलं ते घेतलं. त्यानंतर रेशनच्या रांगेत, इस्पितळात, एवढंच काय मृत्यूच्या दाखल्याच्या वेळीसुद्धा, यांनी पोराला पुढे केलं होतं. पोरगा सांगे, या मान हलवत. मोबाइलच्या तोंडावर नाव घ्यायचं म्हणजे भलतंच.

तळमजल्याच्या कालिंदीकाकींना मात्र अडचण आली की तोड सुचते. त्या स्वतः कधी काही आधी करत नाहीत. दुसऱ्याचं काय होतं ते बघून मग करतात. "तेतूर काय मोठा?" त्या म्हणाल्या. "लिवा, आमचे हे."

झालं. एकीने लिहिलं, तिचं बघून दुसरीने लिहिलं, आणि ज्यांना टाइप करता येत नव्हतं त्यांना तिसरीने लिहून दिलं. 'आमचे हे' गेले, पाठोपाठ आणखी 'आमचे हे' गेले, खोलीभर नुसते 'आमचे हे' जात राहिले. एक निलेशची आई तेवढी शहाणी, तिने 'निलेशचे बाबा' लिहिलं. कुणाचंच काही बिघडलं नाही अशी खात्री पटल्यावर सगळ्यात शेवटी कालिंदीकाकींनी आपले 'आमचे हे' पाठवले.

हितेंद्रच्या लॅपटॉपवर या वेळी पिवळी अक्षरं उमटत होती. ती सांगत होती, की हे नाव बोचक्यात आधीच आहे. मग पुन्हा आधीच आहे. पुन्हा आधीच आहे. पण लाल अक्षरं आली तरच थांबायचं आणि पिवळी आली तर चहा प्यायचा, हे तो पहिल्या नोकरीतच शिकला होता. तो चहा प्यायला. मग त्याने सगळ्यांदेखत बटण दाबलं, संच ग्रुपवर पडला, टाळ्या झाल्या, राजेशने शेजारच्या मंडळाच्या दिशेने एक नजर टाकली. सर्व्हर आपल्या धर्माप्रमाणे झोपी गेला.

संध्याकाळी दिवे लागले आणि घरोघरी संच उघडले गेले. पहिल्या मजल्यावरून आवाज आला, "पाणी इला काय रे? अरे वरच्यांनी मोटर लावल्यानी काय रे?" तोच आवाज दुसऱ्या मजल्यावरून आला. मग समोरच्या खोलीतून. मग सगळीकडून. एकाने तर धावत जाऊन नळाखाली बादलीसुद्धा लावली. हा आवाज चाळीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. भिवा, कालिंदीकाकींचा नवरा, हयातभर पाण्याच्या वेळेला असाच ओरडत असे. गेला तेव्हा चाळ हळहळली होती आणि मनातल्या मनात म्हणाली होती, आता जरा कान सुटले. तो भिवा एका संध्याकाळीत सगळ्या विधवांचा नवरा होऊन परत आला होता.

"माझ्या फोनात भिवाभावजी कित्याक इले?" असा सूर दारोदार निघाला. कालिंदीकाकी तेवढ्या खूष होत्या. त्यांच्या मते प्रोग्राम उत्तम चालला होता.

हितेंद्रला क्षणात कळलं काय झालं ते. बोचकं सोडताना फोन एका नावाची एकच फाइल ठेवतो. नंतरची आली की आधीची पुसून तिच्या जागी बसवतो. शेवटचे आले भिवा. तो लॅपटॉपकडे धावला, सर्व्हरला उठवलं. सर्व्हर उठला, ताजातवाना, कोऱ्या पाटीचा. आवाज? कुठले आवाज? डिस्कवर बघावं, तर डिस्कला याने कधी हात लावलेलाच नव्हता.

राजेश दारात उभा राहून ओरडत होता. "हितू, यार, काय केलंस तू हे! बाहेर बायका रडतायत! आणि ती फाइल काय साइझची होती रे? बारके बारके आवाज, भिवाकाका आणि निलेशचा बाप, आणि माझा नेटपॅक अख्खा खाल्ला! आता पैसे कोण भरणार त्याचे?"

हितेंद्रने त्याला कसंबसं घालवलं. मग घरात वळला तर आई पलंगाच्या कडेला फोन हातात धरून बसली होती. रडत नव्हती. फोनमध्ये जिथे काहीतरी होतं आणि आता नव्हतं त्या जागेवर बोट ठेवत होती, उचलत होती.

"आई, तूपण पाठवलं होतंस?"

"हो."

"बाबांचं? बाबांचं कुठलं रेकॉर्डिंग होतं? मला तर माहीतच नाही."

"तुका कित्याक माहीत असतला? तेनी माका पाठवल्यानी, तुका नाय."

"काय होतं त्यात?"

"आता काय करूचा ऐकान? गेला ना?" ती म्हणाली. मग, जणू हवापाण्याचं बोलावं तशी, "तू सांगलंस डिलीट मार. मी मारलंय. तू उठलंस, मांडयेरचा सगळा खाली पडला."

यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबांना, शिवा परबांना, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा फोन हितेंद्रनेच जुन्या बाजारात देऊन टाकला होता, आत काय आहे ते न बघता. बापाचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आईच्या फोनमध्ये, आणि तिथून तो पुसायला तिला त्याने स्वतः, माइकवरून, चारचौघांत सांगितलं होतं. त्याला खरंच भडभडून आलं. 'मी आपलं विचारलं होतं' हे वाक्य अक्षदाच्या ओठांवर होतं, आणि तिने ते गिळलं. संसारात असे घोट फार महाग असतात, तेव्हा हितेंद्रने त्याची नोंद घ्यायला हवी होती. पण त्याच्या डोक्यात त्या वेळी राजेशचा नेटपॅक फिरत होता.

बारके बारके आवाज. मग अख्खा नेटपॅक कसा खाल्ला?

त्याने ग्रुपवरचा संच उघडला नाही, नुसतं त्याचं वजन पाहिलं. बोचकं जड होतं. भिवाकाकांचा पाण्याचा आरडाओरडा आणि निलेशच्या बाबांचं भजन मिळून एवढं वजन होत नाही, निलेशचे बाबा कितीही रटाळ गात असले तरी. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा ती पिवळी अक्षरं नीट वाचली. नाव आधीच आहे, एवढंच ती म्हणत होती. फाइल घेतली नाही, असं कुठेच म्हणत नव्हती.

सगळे आत होते. बोचकं बांधताना त्याच्या प्रोग्रामने मुकाट्याने एकावर एक सगळे 'आमचे हे' कोंबले होते. मार खाल्ला होता तो सोडताना. फोनने नावाने हाका मारल्या, आणि एका हाकेला एकच माणूस बाहेर आला. नावाने न बोलावता रांगेने बाहेर काढलं असतं, पहिला, त्याच्यामागचा, त्याच्यामागचा, तर एकूण एक आले असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत पुन्हा सगळ्या जमल्या. या खेपेला प्रवचन नव्हतं. हितेंद्र खाली मान घालून लॅपटॉपशी बसला होता आणि आल्यागेल्याकडे बघून हसण्याचं काम राजेश करत होता. अक्षदाने प्रोग्राममध्ये एक सुधारणा करून घेतली होती: नाव एकदा वापरलं की दुसऱ्यांदा चालणार नाही. तेव्हा आवाज वाजेल, ज्यांचा असेल त्यांनी सांगायचं, आणि वेगळं नाव द्यायचं.

पहिला आवाज लागला. नुसता खोकला. "आमचे!" मागून कुणीतरी ओरडलं. नाव विचारलं तर म्हणाली, "खोकला लिव." खोकला लिहिलं. दुसरे गणपतीच्या वर्गणीवरून कुणाशी तरी भांडत होते, त्यांच्या बायकोने लॅपटॉपला सांगितलं, "पुरे आता, गप ऱ्हवा," आणि मग तोंडाला पदर लावला. कुणी दमदार आवाजात घड्याळ कुठे ठेवलं म्हणून विचारत होतं, कुणी नातवाला बाराखडी शिकवत होतं. खोलीत हसणं आणि रडणं असं एकमेकांत कालवलं होतं, की कोण काय करतंय ते कळत नव्हतं. पहिल्या श्वासालाच बायका आपापला माणूस ओळखत होत्या. नाव मात्र एकीनेही घेतलं नाही. बाराखडी, घड्याळ, वर्गणी, अशी नावं पडत गेली. कालिंदीकाकींनी 'पाणी' लिहायला लावलं, आणि त्याला कुणाचाच विरोध नव्हता.

मग एक आवाज लागला आणि हितेंद्रची बोटं तिथेच थांबली.

"हॅलो," शिवा परब म्हणत होते, पोस्टात उभं राहून तार लिहून द्यावी तसे, एकेक शब्द सुटा करून. "मालन. मालन शिवराम परब. मुक्काम वरची वाडी, तालुको कणकवली. मी लालबागसून बोलतंय."

हितेंद्रला तो दिवस आठवला. आई बहिणीच्या आजारपणासाठी गावी गेली होती. नवा फोन घेऊन बाबा त्याच्या मागे मागे करत होते, आणि त्याला ऑफिसला उशीर होत होता. बटण दाबा आणि बोला, बाबा, एवढंच, असं त्याने बूट घालता घालता सांगितलं होतं. "तेका कळतला कसा कोणाक सांगूचा ता?" बाबांनी विचारलं होतं. "नाव, पत्तो सांगूक होयो?" आणि त्याने लक्ष न देता म्हटलं होतं, हो हो, सांगा.

"कुळथाच्या पिठीत मीठ किती घालूचा, ता तू सांगून गेलंस नाय," बाबा पुढे बोलत होते. "झिलाक इचारलंय. तो म्हणता गूगल कर. काल खारट झाली, आज अळणी. माझी काय तक्रार नाय." मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग हळूच, पत्ता वगैरे सोडून, "मालन, बेगीन ये." आणि मग चिडून, "आता ह्या बंद कसा करतत?"

एवढ्या वर्षांत शिवा परबांनी बायकोला 'गो' म्हटलेलं चाळीने ऐकलं होतं, 'ऐकतंस काय' म्हटलेलं ऐकलं होतं, 'हितूची आवस' म्हटलेलं ऐकलं होतं. नाव कुणीच ऐकलं नव्हतं.

हितेंद्रने डोळे पुसले. इतकी वर्षं इतकं कोडिंग केलं, पण त्याच्या तोंडून गेलेलं एकमेव कामाचं वाक्य ते बूट घालतानाचं 'हो हो, सांगा', आणि तेही चुकीचं. त्याने वळून आईकडे पाहिलं. ती ताठ बसली होती, मांडीवर दोन्ही हात ठेवून.

"आई," तो म्हणाला, "याला नाव काय देऊ?"

"घे गो मालन, उखाणो घे!" कालिंदीकाकी ओरडल्या, आणि सगळ्या खिदळल्या. "पिठी लिव," दुसरीने सुचवलं. "मीठ लिव," तिसरी म्हणाली.

"माझा लिव," आई म्हणाली.

"तुझं?"

"मगे काय? तेनी एकदा घेतल्यानी, तोंड भरून घेतल्यानी. ताच लिव. मालन."

त्याने लिहिलं. प्रोग्रामने विरोध केला नाही. हे नाव कुणी आधी वापरलेलं नव्हतं. तो बटण दाबणार तोच आईने त्याचा हात धरला.

"आणि झिला," ती म्हणाली, "ह्या खेपेक त्या डिस्काक हात लाव."

त्याने लावला.